घरात स्मार्ट डिमर बसवताना : आधी दिवा, मग न्यूट्रल, शेवटी बटण

वडिलांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर आमच्या कोथरूडच्या घरात उजेडाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. रात्री उठून त्यांनी दिवा लावला की खोलीभर एकदम पसरणाऱ्या पांढऱ्या प्रकाशाने त्यांचे डोळे दिपत, आणि दिवा न लावता चालावे तर पलंगाच्या कडेला ठेच लागण्याची भीती असे. झिरोचा दिवा बाथरूमपर्यंतच्या पॅसेजला पुरत नव्हता. म्हणून त्यांच्या खोलीतल्या आणि पॅसेजमधल्या दिव्यांना स्मार्ट डिमर (दिव्याचे तेज कमी-जास्त करणारे, फोनवरूनही चालणारे उपकरण) बसवायचे ठरले, जेणेकरून रात्री अकरानंतर नेहमीचेच बटण दाबले तरी दिवा मंद लागावा आणि फोन हातात घेण्याची गरज त्यांना पडू नये. एका दुपारच्या कामाला तीन आठवडे लागले. त्यातला बहुतेक वेळ चुकीच्या दिव्यांनी आणि बोर्डात नसलेल्या न्यूट्रलने, म्हणजे विजेच्या परतीच्या वायरीने, खाल्ला. त्यामुळे पुढची मांडणी मी केलेल्या क्रमाने नाही, तर जो क्रम पाळायला हवा होता त्या क्रमाने केली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. बोर्डातील वायरिंगला हात लावण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. २३० व्होल्टचा झटका जीव घेऊ शकतो आणि ढिला राहिलेला जोड महिन्यांनंतर आग लावू शकतो. मात्र काय बसवायचे, ते आपल्या घरात चालेल का, वायरमनने जोडलेले योग्य आहे का आणि नंतर बिघाड झाला तर तो नेमका कुठे आहे, हे घरमालकाला कळले पाहिजे. अनेक वायरमन आपल्या कामात तरबेज असतात, पण वाय-फायवरचा डिमर त्यांच्यासाठीही नवा असतो, आणि अशा वेळी दोघांनी मिळून डोके चालवावे लागते.

दिवा मंद होण्याजोगा आहे का?

आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ असते, म्हणजे विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते आणि दर दोन शून्यांमध्ये दहा मिलिसेकंदांची एक अर्धी लाट असते. भिंतीवरचा डिमर या प्रत्येक अर्ध्या लाटेचा काही भाग कापून टाकतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेलीच राहत असल्यामुळे त्याला या कापाकापीचे काही वाटत नसे; वीज कमी मिळाली की तो कमी उजळे, इतका साधा तो हिशेब होता. एलईडी दिव्याच्या पोटात मात्र एक लहान इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो आणि मिळेल ती वीज सारखी करून एलईडीला एकसारखा प्रवाह द्यायचा हेच त्याचे काम असते. कापलेली लाट पाहून ‘आता प्रकाश कमी करायचा आहे’ हे ओळखण्याची सोय ज्या ड्रायव्हरमध्ये मुद्दाम केलेली असते, तोच दिवा मंद होतो. बाकीचे दिवे ठरावीक मर्यादेपर्यंत पूर्ण तेजाने जळतात, मग लुकलुकतात आणि अचानक विझतात. असे रोज होत राहिले तर ते लवकर निकामीही होतात.

म्हणून खोक्यावर ‘डिमेबल’ हा शब्द छापलेला आहे का, हे दुकानातच पाहावे. मी पहिल्या खेपेला विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सहा दिवे घेऊन आलो. घरी आल्यावर खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत नेमके उलटे छापलेले आढळले. फॉल्स सीलिंगमधल्या गोल किंवा चौकोनी पॅनेल दिव्यांच्या बाबतीत पॅनेलकडे न पाहता त्याला वायरने जोडलेल्या छोट्या पांढऱ्या डबीवरचा मजकूर वाचावा, कारण ड्रायव्हर त्या डबीत असतो. बहुतेक वेळा पॅनेल तेच ठेवून, तेवढ्याच वॉटचा आणि तेवढ्याच प्रवाहाचा डिमेबल ड्रायव्हर बदलून बसवता येतो आणि खर्च बराच वाचतो. छताच्या कडेला लपवलेल्या एलईडी पट्टीचा प्रकार वेगळा आहे. ती १२ किंवा २४ व्होल्टवर चालते आणि तिच्यासाठी पट्टी व वीजपुरवठा यांच्या मधे बसणारा वेगळा नियंत्रक मिळतो. भिंतीवरचा डिमर तिच्या साध्या वीजपुरवठ्याच्या आधी जोडू नये. सीएफएल दिवे घरात उरलेच असतील तर ते या कामातून सरळ वगळावेत.

लाट कापण्याच्या दोन पद्धती आहेत. लीडिंग एज प्रकारचा डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेची सुरुवात कापतो, तर ट्रेलिंग एज प्रकारचा डिमर तिचा शेवट कापतो. पहिल्या प्रकारात लाट मध्येच एकदम उसळी घेऊन सुरू होत असल्यामुळे एलईडीच्या ड्रायव्हरला दर वेळी धक्का बसतो आणि त्यातूनच गुणगुण ऐकू येते. दुसऱ्या प्रकारात लाट शून्यापासून हळूहळू चढते. घरातल्या एलईडी दिव्यांसाठी मी ट्रेलिंग एज प्रकाराचाच आग्रह धरीन, किंवा ॲपमधून दोन्हींपैकी एक निवडता येणारा डिमर घेईन. तो थोडा महाग पडतो, पण रात्रीच्या शांततेत छतातून येणारा बारीक आवाज किती त्रासदायक असतो, हे अनुभवल्यावर त्या पैशांचे काही वाटत नाही.

आता वॉटचा हिशेब. डिमरवर कमाल भार लिहिलेला असतो आणि तो पिवळ्या बल्बसाठी वेगळा, एलईडीसाठी बराच कमी असतो. पाहायचा तो एलईडीचा आकडा. घरगुती वापरात ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही, कारण नऊ वॉटचे सहा दिवे मिळूनही ५४ वॉटच होतात. घोळ होतो तो किमान भाराचा. अनेक डिमरांना, विशेषतः न्यूट्रलशिवाय चालणाऱ्यांना, ठरावीक वॉटपेक्षा कमी भार असेल तर नीट चालता येत नाही, आणि शयनगृहात एकच सात वॉटचा दिवा असणे ही तर आपल्याकडची सर्रास स्थिती आहे. खोक्यावर किमान भार छापलेला नसेल तर तो डिमर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिव्याच्या रंगाबद्दलही थोडे सांगायला हवे. पिवळा बल्ब मंद केला की अधिक तांबूस होत असे, त्यामुळे मंद प्रकाश म्हणजे ऊबदार प्रकाश असे आपल्या डोळ्यांना वळण लागले आहे. साधा डिमेबल एलईडी मंद झाला तरी रंग बदलत नाही. ६५०० केल्व्हिनचा (हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा कमी तितका रंग पिवळसर) पांढरा दिवा दहा टक्क्यांवर आणला की खोलीत राखाडी, उदास उजेड पडतो. २७०० किंवा ३००० केल्व्हिनचा दिवा त्याच तेजाला निवांत वाटतो. वडिलांच्या खोलीत आम्ही ३००० केल्व्हिनचे दिवे लावले आणि ‘हा उजेड डोळ्यांत घुसत नाही’ असे त्यांनी पहिल्याच रात्री सांगितले.

बोर्डात न्यूट्रल आहे का?

स्मार्ट डिमरच्या आत रेडिओ आणि छोटा संगणक असतो आणि दिवा बंद असतानाही त्याला सतत थोडी वीज लागते. त्यासाठी फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. साध्या बटणाला मात्र न्यूट्रल लागत नाही. बोर्डात फेज येते, बटणातून पुढे दिव्याकडे जाते, आणि न्यूट्रल वरच्या वर दिव्याच्या होल्डरला पोहोचलेली असते. बटणाकडून दिव्याकडे जाणाऱ्या या वायरीला आपले वायरमन ‘हाफ वायर’ म्हणतात. ज्या बोर्डात प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतेच, कारण प्लगला ती लागते. नुसत्या बटणांचे छोटे बोर्ड, पॅसेजमधले एकटे बटण आणि जिन्यातले टू-वे बटण (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालवणारे) या तीन ठिकाणी ती बहुधा नसते.

न्यूट्रल ओळखताना सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून इथे थोडे थांबतो. निऑन टेस्टर फेज दाखवतो, न्यूट्रल दाखवत नाही. टेस्टर पेटला नाही म्हणजे ती वायर न्यूट्रल आहे, असा अर्थ निघत नाही. रंगावरही भिस्त ठेवता येत नाही. प्रचलित पद्धतीप्रमाणे लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते, पण जुन्या घरांत त्या दिवशी हाताशी जी वायर होती ती ओढलेली आढळते. आमच्या पॅसेजच्या बोर्डात काळी वायर होती, मल्टिमीटरवर तिच्यात आणि फेजमध्ये २३० व्होल्ट दिसले, आणि मी निश्चिंत झालो. आमच्याकडे वर्षानुवर्षे येणारे वायरमनकाका मात्र म्हणाले, ‘‘दादा, आधी वरचा बल्ब काढा आणि मग मोजा.’’ बल्ब काढला आणि आकडा शून्याजवळ आला. ती हाफ वायर होती. बल्ब लावलेला आणि बटण बंद असताना ती बल्बमधून न्यूट्रलशी जोडलेली असते, आणि मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेत असल्यामुळे त्याला पूर्ण दाब दिसतो. खरी न्यूट्रल बल्ब काढल्यावरही २३० व्होल्ट दाखवते. ही तपासणी मेन चालू ठेवून करावी लागते, म्हणून ती वायरमननेच करावी. आपण फक्त ती करायला सांगावी आणि आकडा पाहावा.

न्यूट्रल नसेल तर तीन मार्ग उरतात. पहिला म्हणजे शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून घेणे. विटांच्या भिंतीत पाइपात जागा नसेल तर झिरी पाडून नवा पाइप टाकता येतो. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असलेल्या नव्या उंच इमारतींत मात्र भिंत फोडणे म्हणजे इमारतीचा सांगाडाच फोडणे होय, त्यामुळे तिथे मूळ पाइपातून वायर ओढता आली तरच हा मार्ग घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे डिमर बोर्डात न बसवता छतात, दिव्याच्या जवळ बसवणे, कारण न्यूट्रल तिथे असते. फॉल्स सीलिंग असेल तर हा मला सर्वांत व्यवस्थित वाटतो. तिसरा मार्ग न्यूट्रलशिवाय चालणाऱ्या डिमरचा. तो स्वतःसाठी लागणारा प्रवाह दिव्यातून थोडा थोडा ओढतो, आणि त्यामुळेच बंद केलेला एलईडी अंधारात पुसट उजळत राहतो किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. त्यावर ‘बायपास’ नावाचा छोटा घटक दिव्याच्या टोकाशी हाफ वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडतात, म्हणजे तो प्रवाह दिव्याऐवजी त्यातून जातो. डिमरच्या उत्पादकानेच दिलेला बायपास वापरावा. बाजारातला कुठलाही कपॅसिटर लावून पाहणे धोक्याचे आहे.

आणि काहीही झाले तरी अर्थिंगची हिरवी वायर न्यूट्रल म्हणून वापरू देऊ नये. असे केल्याचे मी स्वतः पाहिले आहे. त्या वायरीचा जोड पुढे कुठे तुटला तर गीझरच्या पत्र्यापासून फ्रिजच्या दारापर्यंत कुठेही वीज उतरू शकते.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. स्वस्त इन्व्हर्टरमधून येणारी लाट गोलसर नसून चौकोनी असते, आणि लाटेचा शून्यबिंदू व चढण ओळखून चालणारा डिमर तिच्यावर गोंधळतो. दिवा थरथरतो, आवाज येतो, कधी डिमर बंद पडतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा प्रश्न येत नाही. दुसरी गोष्ट न्यूट्रलच्या सरमिसळीची. फेज एका सर्किटमधून आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून घेतली गेली तर जाणारा व येणारा प्रवाह जुळत नाही आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) पडते. यातली गंमतीदार वाटणारी पण महत्त्वाची खूण अशी की दिवा मंद असताना सगळे सुरळीत चालते आणि प्रकाश वाढवला की सगळ्या घराची वीज जाते, कारण सात-आठ वॉटचा भारसुद्धा २३० व्होल्टवर ३० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. अशा वेळी आरसीसीबी खराब आहे असे समजून ती बदलण्याचा किंवा काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

खरेदी

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकच्या सामानाची दुकाने ओळीने आहेत आणि तिथे दोन-चार प्रकार प्रत्यक्ष हाताळून पाहता येतात, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा आहे. जाताना आपल्या बोर्डाचा समोरून आणि उघडून काढलेला फोटो, पेटीची आतली खोली मिलिमीटरमध्ये आणि दिव्याच्या खोक्याचा फोटो सोबत न्यावा. डिमर मुख्यतः दोन रूपांत मिळतो : बटणाच्या जागी बसणारा पूर्ण डिमर, किंवा आहे त्याच बटणाच्या मागे पेटीत लपणारा लहान मॉड्यूल. मॉड्यूल दिसायला काहीच बदल करत नाही आणि घरातल्या ज्येष्ठांचा हात जिथे जातो तिथेच बटण राहते, म्हणून आम्ही तो निवडला. मात्र त्याला नेहमीचे खाली-वर होणारे बटण जोडले तर फक्त चालू-बंद नीट करता येते. दाबून धरून प्रकाश कमी-जास्त करायचा असेल तर बेलच्या बटणासारखे दाबून परत येणारे बटण घ्यावे लागते. ते बहुतेक मॉड्युलर मालिकांत मिळते.

वाय-फायवर चालणारा डिमर घरी असलेल्या राउटरला थेट जोडला जातो, तर झिग्बी या वेगळ्या बिनतारी पद्धतीच्या डिमरला वेगळा हब, म्हणजे मधला जोडणारा डबा, लागतो. दोन-तीन दिव्यांपुरते काम असेल तर वाय-फाय पुरेसे आहे; सगळे घर करायचे असेल तर झिग्बीकडे वळावे, कारण त्यातली सतत वीज मिळणारी उपकरणे एकमेकांचे निरोप पुढे पोहोचवतात आणि राउटरवर गर्दी होत नाही. मॅटर हे समाईक मानक २०२२ मध्ये आले. त्याची खूण असलेले उपकरण वेगवेगळ्या कंपन्यांच्या व्यवस्थांत चालते आणि एका कंपनीचे ॲप बंद पडले तरी अडत नाही, म्हणून भाव फार वेगळा नसेल तर ते घ्यावे. इंटरनेट नसतानाही भिंतीवरचे बटण चालते ना, हे दुकानदाराला विचारून आणि माहितीपत्रकात वाचून खात्री करून घ्यावी.

बसवण्याची कृती

पहिल्यांदा संबंधित एमसीबी खाली करून भागणार नाही. मेनच बंद करावा, कारण एकाच बोर्डात दोन सर्किटांच्या वायरी आलेल्या असू शकतात. इन्व्हर्टर असेल तर त्याचे आउटपुटही बंद करावे. मीटरच्या पेटीवर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावावी आणि घरातल्यांना सांगून ठेवावे. बोर्ड उघडल्यावर, चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी आधी तपासून घेतलेल्या टेस्टरने, प्रत्येक वायर मृत आहे याची खात्री करावी.

मग फोटो काढावा. एक नव्हे, तीन-चार, वेगवेगळ्या बाजूंनी. प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून ‘फेज’, ‘न्यूट्रल’, ‘पॅसेज हाफ’ असे पेनाने लिहावे. संध्याकाळी अंधार पडू लागला आणि चार सारख्या दिसणाऱ्या लाल वायरी हातात आल्या की या पाच मिनिटांची किंमत कळते.

जोडणी करताना फेज मॉड्यूलच्या ‘एल’ खुणेला, न्यूट्रल ‘एन’ला, आणि दिव्याची हाफ वायर आउटपुटच्या खुणेला जाते, ही खूण कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून आकृती समोर ठेवावी. बटणाच्या दोन वायरी ‘एस’ खुणेच्या टोकांना जातात, आणि तिथे फेज द्यायची की द्यायचीच नाही, हे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते. जिथे द्यायची नाही तिथे फेज दिली तर मॉड्यूल क्षणात जळतो, त्यामुळे आकृतीतली ही एक ओळ दोनदा वाचावी. तारांची टोके सात-आठ मिलिमीटर सोलावीत, अनेक बारीक तारांची वायर असेल तर पीळ देऊन शक्यतो फेरूल (टोकावर दाबून बसवायची छोटी धातूची नळी) लावावे, स्क्रू घट्ट करावा आणि मग प्रत्येक वायर हाताने ओढून पाहावी. सुटली तर ती आत्ताच सुटलेली बरी.

पेटी उथळ असेल तर मॉड्यूल कोंबून बसवू नये. दबलेली वायर तापते, आणि लोखंडी पेटीच्या पत्र्यात घट्ट अडकलेल्या मॉड्यूलला वाय-फायही धड मिळत नाही. मॉड्यूल शक्यतो पेटीच्या पुढच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या प्लेटजवळ राहील आणि त्याची अँटेनाची छोटी वायर असल्यास ती पत्र्यापासून दूर सरळ राहील, असे पाहावे. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर ती ओल दुरुस्त होईपर्यंत त्या बोर्डात कुठलेही इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवू नये.

जिन्यातल्या किंवा मोठ्या खोलीतल्या टू-वे जोडणीत दोन साधे डिमर दोन टोकांना लावता येत नाहीत. डिमर एकाच टोकाला बसतो, आणि दुसऱ्या टोकाचे बटण त्याला फक्त इशारा देणारे करावे लागते. त्यासाठी मधल्या दोन वायरींचा उपयोग बदलावा लागतो. आमच्याकडे त्याऐवजी दुसऱ्या टोकाला बॅटरीवर चालणारे बिनतारी बटण भिंतीला चिकटवले आणि जुने टू-वे बटण काढून तिथली वायर वायरमनकाकांनी कायमची जोडून टाकली.

ॲपशी जुळवणी

वाय-फायचे बहुतेक डिमर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर बोलतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलेले असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि डिमर २.४ वर अशी चुकामूक होते आणि जोडणी अर्ध्यावर अडकते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावे द्यावीत किंवा जोडणीपुरता पाचचा पट्टा बंद करावा. फोनवर ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी चालू हवी आणि व्हीपीएन बंद हवे. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए-३ सुरक्षा ठेवली असेल तर जुने मॉड्यूल जोडले जात नाहीत. तिथे डब्ल्यूपीए-२ चालेल अशी संयुक्त निवड करावी.

जोडणी झाली म्हणजे काम संपले असे बहुतेकांना वाटते, पण खरी जुळवणी इथून पुढे आहे. ॲपमध्ये किमान प्रकाशाची मर्यादा शोधावी. रात्री, खोलीत अंधार असताना, तेज हळूहळू कमी करत जावे. ज्या आकड्याला दिवा थरथरू लागतो किंवा विझतो, त्याच्या तीन-चार टक्के वर किमान मर्यादा ठेवावी. दिवा विझलेला असताना थेट त्या किमान तेजावर लागतो का, हेही वेगळे पाहावे, कारण काही दिवे पाच टक्क्यांपर्यंत उतरतात, पण पाच टक्क्यांवर सुरूच होत नाहीत. आपल्या डोळ्यांना प्रकाश सरळ प्रमाणात जाणवत नाही. दहा टक्के प्रकाश साधारण तीस टक्क्यांइतका भासतो, त्यामुळे रात्रीसाठी वाटते त्यापेक्षा कमी आकडा पुरतो.

वीज गेल्यानंतर परत आल्यावर दिव्याने काय करावे, हे सेटिंगही जरूर बदलावे. मूळ सेटिंग ‘चालू’ असे असेल तर पहाटे तीनला वीज परत आल्यावर झोपेत पूर्ण तेजाचा दिवा तोंडावर लागतो. आमच्याकडे वडिलांच्या खोलीसाठी ‘बंद’ आणि पॅसेजसाठी ‘आधीची स्थिती’ ठेवले आहे. दिवा लागताना व विझताना एक-दीड सेकंदाचा उतार ठेवला, तर शस्त्रक्रिया झालेल्या किंवा थकलेल्या डोळ्यांना फार बरे वाटते. माझ्या मते डिमरमधली ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी सोय आहे.

बिघाड शोधताना

दिवा लुकलुकत असेल तर काहीही बदलण्याआधी घरातले बाकीचे, डिमरवर नसलेले दिवे पाहावेत. तेही त्याच वेळी हलत असतील आणि सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतानाच हे घडत असेल, तर दोष विजेच्या दाबात आहे. काही दिवे मंद आणि काही वाजवीपेक्षा प्रखर होत असतील तर न्यूट्रल ढिली झाल्याची ती गंभीर खूण आहे. तीन फेजच्या इमारतीत अशा वेळी एखाद्या घरात २३० ऐवजी चारशे व्होल्टच्या दिशेने दाब चढू शकतो. मेन बंद करावा आणि महावितरणला १९१२ क्रमांकावर कळवावे.

फक्त डिमरवरचाच दिवा लुकलुकत असेल तर जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब त्याच होल्डरमध्ये लावून पाहावा. तो खालून वरपर्यंत सुरेख मंद होत असेल तर डिमर आणि वायरिंग निर्दोष आहेत आणि दोष एलईडी दिव्याचा किंवा दोघांच्या न जुळण्याचा आहे. पिवळा बल्बही थरथरला तर जोड ढिला आहे किंवा डिमर बिघडला आहे. या एका तपासणीने निम्मे वाद मिटतात, म्हणून असा एक बल्ब मी जपून ठेवला आहे. एकाच डिमरवर दोन कंपन्यांचे दिवे लावले तर ते वेगवेगळ्या तेजावर विझतात. त्यावर दिवे एकसारखे करणे हाच उपाय. डोळ्यांना न दिसणारी थरथर फोनच्या स्लो मोशन चित्रणात दिसते, आणि मंद प्रकाशात वाचताना डोके दुखत असेल तर ती जरूर पाहावी.

गुणगुण दिव्यातून येते की बोर्डातून, हे कान लावून ठरवावे. दिव्यातून येत असेल तर ट्रेलिंग एज निवडावे किंवा दिवा बदलावा. बोर्डातून बारीक आवाज येणे आणि डिमर कोमट लागणे चालते. पण प्लेट हाताला चटका देत असेल, पिवळी पडत असेल किंवा जळका वास येत असेल तर ताबडतोब मेन बंद करून जोड तपासून घ्यावेत. डिमर ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसणे याला बहुधा राउटरच कारण असतो. फोन बोर्डाशेजारी धरून सिग्नल पाहावा, राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडावा, आणि वाय-फायचे नाव वा पासवर्ड बदलला असेल तर डिमर नव्याने जोडावा लागेल हे लक्षात ठेवावे. वीज आल्यावर डिमर आधी आणि राउटर नंतर सुरू होतो, त्यामुळे काही डिमर वाट पाहून थकतात. पाच मिनिटांनी एमसीबी एकदा खाली-वर केली की ते परत येतात. रोजचा त्रास असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावावा.

पंख्याला दिव्याचा डिमर कधीही लावू नये. मोटर गुरगुरते, तापते आणि डिमर जळतो. गणपतीत किंवा दिवाळीत लावायच्या एलईडीच्या माळाही डिमरच्या होल्डरवरून किंवा त्याच्या आउटपुटवरून घेऊ नयेत.

भाड्याच्या घरात बसवले असेल तर जुनी बटणे आणि बोर्ड उघडल्यावर काढलेले फोटो जपून ठेवावेत. घर सोडताना मॉड्यूल काढून नेणार असाल तर मूळ जोडणी वायरमनकडून पूर्ववत करून घ्यावी. तो तिथेच ठेवणार असाल तर आधी ॲपच्या खात्यातून उपकरण काढून टाकावे आणि मग बटण दाबून मूळ स्थितीवर आणावे, कारण हे राहून गेले तर नव्या भाडेकरूला तो स्वतःच्या नावे जोडता येत नाही आणि त्याच्या झोपायच्या खोलीतला दिवा तुमच्या फोनवरून लागत राहतो.